खेळाडूचे खाते कोण मांडणार?

वाचकहो, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने फुटबॉलवर लेख लिहावा, हे वाचून आपल्या भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. त्यातून आमच्या खजुरीकडे फुटबॉल कोणी खेळत नाही. आमच्याकडे कबड्डी, जत्रेतली कुस्ती आणि तुरीची रास निघाल्यावर मोकळ्या झालेल्या रानातले क्रिकेट. पण हा लेख खरे तर फुटबॉलचा नाहीच. तो हिशोबाचा आहे. आणि हिशोब मांडण्याचे शिक्षण घेण्यासाठीच तर मी या महाविद्यालयात आलो आहे.

आमच्या घरी मराठी बोलतात, शाळा मराठी माध्यमाची झाली, आणि गल्ली, बाजार, बस यांत कन्नड. त्यामुळे वडीलधाऱ्यांचा उपदेश मला दोन्ही भाषांत ऐकावा लागतो. आप्पा म्हणतात, ‘खेळून कुणाचं पोट भरलंय?’ शेजारचे काका तेच कन्नडमध्ये म्हणतात, ‘आटदिंद होट्टि तुंबंगिल्ल.’ सीमेच्या दोन्ही बाजूंना ज्या थोड्या गोष्टींवर एकमत आहे, त्यांपैकी ही एक होय! लहानपणापासून मीही हे वाक्य खरे मानत आलो. परंतु गेल्या वर्षभरात दोन गोष्टी घडल्या आणि हे वाक्य अर्धेच खरे आहे असे मला वाटू लागले. खेळावर पोटे भरतात. प्रश्न एवढाच की कोणाची?

पहिली गोष्ट माझ्या एका मित्राची. त्याचे नाव लिहीत नाही, त्याच्या महाविद्यालयाचेही लिहीत नाही. आमच्या भागात महाविद्यालये पुष्कळ आहेत, त्यांतले ते एक. आम्ही दोघे शाळेत एका बाकावर होतो. चढाईला गेला की रिकाम्या हाताने परत येणे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या महाविद्यालयाने त्याच्या जोरावर चषक आणले, ते काचेच्या कपाटात ठेवले, प्रवेशाच्या माहितीपत्रकात त्यांची छायाचित्रे छापली. एका सामन्यात पकड बसली आणि त्याचा गुडघा गेला. येण्याजाण्याचे बसभाडे आणि दिवसाचा भत्ता त्याला मिळाला. सोलापूरच्या दवाखान्याचा खर्च मात्र त्याच्या वडिलांनी अडत्याकडून तुरीवर उचल घेऊन भागवला. सरावाचे, सामन्यांचे आणि अंथरुणावरचे दिवस मिळून हजेरी कमी भरली म्हणून त्या सत्राच्या परीक्षेलाही त्याला बसता आले नाही. आज तो त्याच अडतीवर वजनकाट्यापाशी उभा राहून पोती मोजतो आणि वडिलांची उचल फेडतो.

दुसरी गोष्ट वर्गातली. व्यापारी कायद्याच्या तासाला सर भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम २७ शिकवत होते. कोणालाही कायदेशीर धंदा, पेशा किंवा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपुरता रद्दबातल ठरतो, असे ते कलम सांगते. उदाहरण देताना सरांनी एका इंग्रज फुटबॉलपटूचा खटला सांगितला. वर्गात हशा पिकला. फुटबॉल हा काय धंदा आहे? मीही हसलो. पण संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मला वजनकाट्यापाशी उभा असलेला मित्र आठवला आणि ते हसू मावळले. मग मिळेल तेथून त्या काळातल्या फुटबॉलपटूंविषयी वाचत गेलो. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

इंग्लंडमध्ये फुटबॉल हा उघड उघड पेशा होता. खेळाडूला आठवड्याला पगार मिळे. पण या पगाराला १९०१ सालापासून वरची मर्यादा घातलेली होती. आरंभी ती आठवड्याला चार पौंड होती. ती हळूहळू वाढत १९५८ मध्ये वीस पौंडांवर आली. मैदानावर पन्नास हजार माणसे तिकीट काढून येवोत की पाच हजार, उत्तम खेळाडूला वीसच्या वर एक पौंडही देता येत नसे. आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात किमान वेतनाचे प्रकरण असते. हे कमाल वेतनाचे प्रकरण!

या व्यवस्थेत ज्याची सारी कारकीर्द गेली असा एक थोर खेळाडू म्हणजे टॉम फिनी. जन्म १९२२, गाव प्रेस्टन. फिनीचे वडीलही आमच्या आप्पांसारखेच असावेत. मुलाला गावच्या प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबात घेतो म्हणाले तेव्हा त्यांनी अट घातली, की आधी नळकाम शिकून हातात कसब घे. मुलाने ऐकले. तो क्लबाकडून खेळू लागला, इंग्लंडकडून ७६ आंतरराष्ट्रीय सामने खेळला, त्यांत ३० गोल केले, वर्षातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू हा मान १९५४ आणि १९५७ असा दोनदा मिळवला. आणि हे सारे करीत असताना तो नळजोडणीचा धंदाही करीत राहिला! लोक त्याला कौतुकाने ‘प्रेस्टनचा प्लंबर’ म्हणत. या कौतुकात मला तरी थोडी लाज दडलेली दिसते. ज्याला पाहायला हजारो माणसे तिकीट काढून येतात, त्याला दुसऱ्या धंद्याचा आधार लागावा, याचा अर्थ तिकिटाचा पैसा दुसरीकडे कोठे तरी जात होता.

१९५२ साली इटलीतल्या पालेर्मो येथील क्लबाने फिनीला बोलावले. नुसते करारावर सही करण्यासाठी दहा हजार पौंड, शिवाय राहायला घर आणि फिरायला मोटार. इंग्लंडातला सारा जन्म खेळूनही त्याला एवढा पैसा दिसला नसता. पण प्रेस्टनच्या क्लबाने त्याला सोडण्यास नकार दिला, आणि गोष्ट तेथेच संपली. कारण तेथील नियमच तसा होता. खेळाडूचा करार वर्षाचा असे. मात्र वर्ष संपल्यावरही त्याची नोंदणी क्लबाच्याच हाती राही. क्लबाने सोडले नाही तर त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. आणि क्लबाने पगार दिलाच पाहिजे असेही नव्हते. आमच्याकडे उचल घेतलेला सालगडी मालकाशी कसा बांधला जातो, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच, की सालगड्यावर निदान उचलीचा बोजा तरी असतो. फिनीवर कसलेच देणे नव्हते.

फिनी १९६० साली निवृत्त झाला. आणि दैवाची गंमत पाहा, लगेच पुढच्या वर्षी, जानेवारी १९६१ मध्ये, पगाराची ती मर्यादा उठली. फुलहॅम क्लबाचा खेळाडू जिमी हिल हा खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. त्याने सगळ्यांना एकत्र आणले, संपाची नोटीस दिली आणि साठ वर्षांचा नियम वाकला. थोड्याच दिवसांत त्याच क्लबाच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले. माणसाचा खेळ एका रात्रीत पाचपट सुधारत नसतो. म्हणजे शंभराची किंमत आधीपासूनच होती. फक्त ती त्याच्या खात्यात जमा होत नव्हती.

दुसरा नियम न्यायालयाने मोडला. सरांनी सांगितलेला खटला तोच. जॉर्ज ईस्टहॅम हा न्यूकॅसल क्लबाचा खेळाडू. १९६० साली त्याचा करार संपला, त्याला दुसरीकडे जायचे होते, क्लब सोडीना. त्याने खेळणेच थांबवले आणि एका स्नेह्याकडे बुचे विकण्याची नोकरी धरली. काही महिन्यांनी क्लबाने त्याला आर्सेनलकडे ४७,५०० पौंडांना दिले. त्याचे स्वतःचे काम झाले होते, तो गप्प बसला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण तो खटला पुढे चालवत राहिला, आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला, की करार संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवणे हे व्यवसायावरील अवाजवी बंधन आहे. या निकालाचा फायदा त्याच्यापेक्षा त्याच्या मागून आलेल्यांना अधिक झाला. वर्गात आपण ज्याला हसलो, तो माणूस हा!

आता कोणी म्हणेल, ही साता समुद्रापलीकडची कहाणी आपल्या काय कामाची? म्हणून आपल्याकडे वळू.

१ नोव्हेंबर १९५६ या तारखेला आमच्या भागात फार महत्त्व आहे. त्या दिवशी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. गुलबर्गा आणि बीदर म्हैसूर राज्यात गेले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि सोयरीक असलेली गावे एका रात्रीत दोन राज्यांची झाली. या तारखेवर आपण भाषणे ऐकतो, वाद घालतो. पण त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, काय घडले हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

त्या दिवशी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि उपांत्य फेरी गाठली. त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझा यांचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांनीच केला. पुढे तो सामना ४-१ असा गेला आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असे हरवले. भारत चौथा आला. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार, गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल एक होते. त्याच स्पर्धेत ब्रिटनच्या हौशी संघाला बल्गेरियाने ६-१ असे हरवले होते. फिनीसारखे पेशेवर तेथे खेळू शकत नव्हते हे खरे. पण ज्यांनी जगाला फुटबॉल शिकवला त्यांचे हौशी आमच्या हौशींच्या मागे राहिले, हेही तितकेच खरे.

या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. मूळचे शाळामास्तर. तुळशीदास बलराम, नूर महंमद, अजीजुद्दीन असे हैदराबादचे अनेक खेळाडू त्या संघात होते. राज्य विसर्जित होऊन महिनाच झाला होता, आणि त्या राज्याच्या मातीतली माणसे मेलबर्नला भारताचा झेंडा घेऊन उतरली होती. नेव्हिल यांची गोष्ट तर आणखी निराळी. त्यांचा जन्म १९३२ सालचा, गोव्यातील आसगावचा. १९५६ मध्ये गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तो मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये. म्हणजे परक्या सत्तेखालच्या गावात जन्मलेला, मुंबईत वाढलेला हा खेळाडू भारतासाठी गोल करीत होता. आपण सीमेवरचे लोक. नकाशा आणि माणूस यांचे नाते एवढे सरळ नसते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता माझ्या विषयाकडे येतो. नेव्हिल डिसोझा यांचे पोट कशावर चालले? ऑलिंपिक हौशी खेळाडूंसाठी होते. खेळण्याबद्दल पैसा घेणे हा तेथे दोष मानला जाई. मुंबईत यावर एक तोड निघालेली होती. मोठ्या कंपन्या आपले संघ उभारीत आणि चांगल्या खेळाडूंना सामावून घेत. नेव्हिल टाटा आणि कॅल्टेक्स या संघांकडून खेळले. कॅल्टेक्सने १९५८ साली रोव्हर्स चषकही जिंकला. हा चषक १८९१ पासून मुंबईत खेळला जाई, आणि हैदराबादच्या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो पटकावला होता. कंपनीला नाव मिळे, खेळाडूला महिन्याचा पगार मिळे. पगार हुद्द्याचा, खेळाचा नव्हे. वहीत खेळाच्या नावाने एक पैसाही नाही!

न्यायाने बोलायचे तर या पद्धतीत चांगलेही होते. कंपनीच्या नोकरीत खेळाडूला पहिली तारीख असते, आणि पाय थकल्यावर बसायला खुर्ची असते. फिनीला नळ जोडत फिरावे लागले; आमच्याकडच्या कंपनीतल्या खेळाडूला ती पाळी आली नाही. रेल्वे, पोलीस, बँका, कंपन्या यांनी या देशात खेळाडूंच्या पिढ्या पोसल्या, हे उपकार नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. परंतु ही व्यवस्था मालकाच्या मर्जीवर उभी होती. कॅल्टेक्सचा भारतातला कारभार १९७६ मध्ये सरकारने घेतला आणि १९७८ मध्ये तो हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. पुढे मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २०१० मध्ये आणि पंजाबच्या जेसीटीने २०११ मध्ये आपले फुटबॉल संघ बंद केले. रोव्हर्स चषकही या शतकाच्या आरंभी थांबला. कंपनीच्या ताळेबंदात संघ हा जाहिरातीचा खर्च असतो. आणि खर्च कमी करायची वेळ आली की पहिली कात्री कोठे लागते, हे वाणिज्यच्या विद्यार्थ्याला सांगायला नको.

नेव्हिल डिसोझा १९८० साली वारले, अवघ्या सत्तेचाळीसाव्या वर्षी. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला; फुटबॉलचा पहिला अर्जुन पी. के. बॅनर्जी यांना मिळाला. मेलबर्नला तीन गोल मारणाऱ्याच्या नावापुढे तो कधीच लागला नाही. आमच्या वर्गात मी सहज विचारून पाहिले; क्रिकेटमधल्या खेळाडूंच्या धावा तोंडपाठ असणाऱ्यांनाही हे नाव माहीत नव्हते. वर्षभरापूर्वी मलाही नव्हते.

येथे खाशाबा जाधवांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गुरू असावा तर असा! ही गोष्ट आपण गहिवरून सांगतो, आणि सांगितलीच पाहिजे. पण गहिवर ओसरल्यावर एक प्रश्न विचारावासा वाटतो. देशाच्या मल्लाला पाठवण्यासाठी एका शिक्षकाचे घर गहाण का पडावे? खाशाबांना पोलीस खात्यात नोकरी मिळाली तीही पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५ मध्ये. १९८४ साली ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. एका माणसाचा मोठेपणा ही व्यवस्था नव्हे. मोठ्या मनाचा प्राचार्य ज्याला भेटला तो हेलसिंकीला गेला. ज्याला भेटला नाही तो कोठे गेला, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. माझा मित्र कोठे गेला ते मला ठाऊक आहे, म्हणून मी लिहितो आहे.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. आता काळ बदलला. बदलला आहे यात शंका नाही. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा सर्वांत मोठी बोली राकेश कुमार यांच्यावर लागली, १२ लाख ८० हजारांची. चारच वर्षांत, २०१८ मध्ये, मोनू गोयत यांच्यावर १ कोटी ५१ लाखांची लागली. आमच्या मातीतल्या खेळाला एवढा भाव आला याचा आनंद कोणाला होणार नाही? पण बाजाराचा नियम असा, की भाव नेहमी निवडक मालाला मिळतो. वरच्या शंभर-दोनशे खेळाडूंना लिलाव आला. खालचे हजारो, जे महाविद्यालयासाठी, तालुक्यासाठी, गावच्या मंडळासाठी खेळतात, ते आजही १९५६ मधल्यासारखेच ‘हौशी’ आहेत. फरक झाला असेल तर एवढाच, की त्यांना आता टीव्हीवरचे कोटींचे आकडे पाहून तालमीत जास्त घाम गाळावासा वाटतो. गुडघा मात्र कोटीवाल्याचा आणि बसभाडेवाल्याचा सारखाच मोडतो.

या मतावर आमच्या गुरुजनांचे दोन आक्षेप असतील. पहिला असा, की खेळ हा आनंदासाठी असतो. त्यात पैसा आणला की तो नासतो. या आक्षेपात तथ्य आहे, मी ते नाकारीत नाही. जत्रेतल्या नुरा कुस्त्या मीही पाहिल्या आहेत. परंतु मी खेळाडूला पगार द्या असे म्हणतच नाही. माझे म्हणणे असे, की आनंदासाठी खेळणाऱ्याला त्या आनंदापायी तोटा तरी होऊ नये. आनंद संस्थेचा, चषक संस्थेचा, छायाचित्र माहितीपत्रकाचे, आणि दवाखान्याची उचल मात्र बापाची, याला हौस म्हणत नाहीत. शिवाय एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘हौशी’ या शब्दाचा आग्रह नेहमी तोच धरतो ज्याला स्वतःला पहिल्या तारखेला पगार मिळतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. ग्रामीण भागातले महाविद्यालय, तुटपुंजी फी, अनुदानाची ओढाताण; खेळाडूंसाठी आणखी काय काय करावे? हा आक्षेप खरा आहे आणि प्रामाणिक आहे. म्हणूनच मी ज्या मागण्या मांडणार आहे त्यांतल्या बहुतेकींना पैसा लागत नाही. कागद आणि इच्छा लागते.

पहिली मागणी हजेरीची. विद्यार्थी महाविद्यालयाच्या वतीने खेळायला गेला, तर ते दिवस हजेरीपटात हजर म्हणूनच लागावेत, आणि हे सत्राच्या आरंभी लेखी जाहीर व्हावे. शेवटच्या आठवड्यात सरांच्या मागे अर्ज घेऊन धावण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. दुसरी मागणी विम्याची. क्रीडा शुल्क आपण सगळेच भरतो, खेळणारेही आणि न खेळणारेही. त्यातून मैदानावर उतरणाऱ्यांचा अपघात विमा सामूहिकपणे काढता येतो. गटाने काढलेला विमा माणशी स्वस्त पडतो, हे विम्याच्या पेपरात आम्ही शिकलो आहोत. तिसरी मागणी पत्राची. संघात निवड झाली की खेळाडूच्या हाती एक साधे पत्र पडावे: कोणकोणते सामने, भत्ता किती, दुखापत झाली तर कोण काय करणार. एका पानाचे पत्र पुरे. माझ्या मित्राजवळ तसे पत्र असते, तर त्याच्या वडिलांना निदान कोणाच्या दारात उभे राहायचे हे कळले असते. आणि चौथी मागणी आमच्या शाखेची. क्रीडा शुल्काची जमा आणि खर्च दरवर्षी याच अंकात छापावा, मराठी विभागात आणि कन्नड विभागातही. ते काम वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांकडे द्यावे. आम्ही काल्पनिक ‘अ’ आणि ‘ब’ यांच्या भागीदारीचे ताळेबंद तीन वर्षे जुळवत बसतो. एकदा खऱ्या पैशाचा जुळवू द्या. आमचीही परीक्षा होईल.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे दुसऱ्याकडे बोट दाखवणे ठरेल. मित्राचा गुडघा गेला तो सामना पाहायला मी गेलो होतो. त्याला उचलून बाहेर आणले, आणि आम्ही सगळे पुन्हा मैदानाकडे वळून उरलेला सामना पाहत राहिलो. सामना जिंकला. आम्ही गुलाल उधळला. त्याला सोलापूरला नेल्याचे मला दुसऱ्या दिवशी कळले. हजेरीची अडचण आली तेव्हाही त्याने मला फोन केला होता. माझी परीक्षा तोंडावर होती, ‘नंतर बघू’ म्हणालो. ते ‘नंतर’ आले नाही. तेव्हा दोष केवळ संस्थांचा नाही. टाळ्या वाजवणारे आपण सगळेच त्या खात्यात कर्जदार आहोत.

गेल्या महिन्यात अडतीवर त्याची भेट झाली. फिनीची गोष्ट त्याला सांगितली, ईस्टहॅमचीही सांगितली. त्याने काट्यावरून पोते उतरवले, वजन वहीत लिहिले आणि विचारले, ‘तो बुचं विकणारा परत खेळला का रे?’ म्हटले, हो, आर्सेनलकडून पुष्कळ वर्षे खेळला. तो म्हणाला, ‘मग बरंय.’ आणि पुढचे पोते ओढले. माझ्याजवळ बोलायला काही उरले नव्हते.

आप्पा म्हणतात त्यात खोट नाही. खेळून त्याचे पोट भरले नाही. पण त्याच्या खेळावर कपाट भरले, माहितीपत्रक भरले, आणि प्रवेशाच्या रांगाही थोड्याफार भरल्या असतील. जमाखर्चाचा पहिला नियम सांगतो, की प्रत्येक जमेसमोर कोठे तरी नावे पडलेलीच असते. आपल्या महाविद्यालयात या वर्षी नवा संघ निवडला जाईल. त्या मुलांच्या हाती जर्सीबरोबर ते एक पानाचे पत्रही पडावे, एवढीच प्राचार्य, क्रीडा संचालक आणि विद्यार्थी मित्र या सर्वांना नम्र विनंती आहे.

— बी. कॉम., चौथे सत्र, खजुरी (ता. आळंद)